अध्यक्षांना कोण सांगणार?

ब्याण्णव साली अंबरनाथचे डॉ. अहिरे मेंदूच्या फिल्म वाचणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. सचिव कोण, परदेशी परिषदेला कोण, सगळं त्यांच्याच हातात. पण खरं बोलणारं माणूस मात्र मिळेनासं झालं. डोकं ठणकायचं म्हणून त्यांनी स्वतःचा सीटी स्कॅन काढला. फिल्मवर डाग दिसला. आपली नजर चुकत असेल, या आशेने ते ज्याला त्याला फिल्म दाखवत सुटले. बदलापूरच्या डॉ. सामंतने तर ती उजेडाला धरली न धरली तोच परत दिली.

"तुम्हाला काय होतंय, सर! एकदम क्लीन."

रविवारच्या बैठकीत नेहमीसारखी निदान ओळखायची स्पर्धा होती. पेशंटचं नाव पट्टी चिकटवून झाकायची पद्धत. शेवटची फिल्म अध्यक्षांनी स्वतः लावली.

सामंतचा हात सगळ्यांच्या आधी वर. "ट्यूमर आहे, खोलवर गेलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही. वर्षभर काढलं तर नशीब!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिली टाळी अध्यक्षांचीच.

बक्षीस घेताना सामंत पाया पडला. "सर, केस कोणाची हो?"

 

"परवा तू ज्याला एकदम क्लीन म्हणालास, त्याची."