बोंबलाची वाट

"मॅडम, जाळं परत अडकलंय!" अस्मिता काचेच्या दारातूनच ओरडली.

"कुठे?"

"कुठे काय, बोंबलापाशी! मागच्या आठवड्यात भंगारवाला त्याला टेम्पोत घालून घेऊन गेला, आणि हे येडं अजून त्याला हाका मारतंय."

गीतांजली लेले चपला बाहेर काढून मशीनरूममध्ये आली. बेलापूरच्या त्या ऑफिसात कॉम्प्युटरच्या खोलीत अनवाणी जायची रीत होती, देवघरात जावं तशी. भिंतीशी रावस, पापलेट आणि मांदेली अशी तीन मशिनं घरघरत होती. चौथ्याच्या, बोंबलाच्या, जागी फरशीचा तेवढा चौकोन स्वच्छ दिसत होता.

हे बारसं केलं होतं दिवाळे गावच्या प्रितेश कोळीनं. कंपनीचा प्रोग्रॅम एक, पण मशिनं चार जातींची. एकावर बांधलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालायचा नाही. ज्याला मानवेल तसा त्याच्यावर नव्यानं बांधावा लागे. हे काम एका हुकमासरशी करणारं हत्यार प्रितेशनं आणि गीतांजलीनं मिळून लिहिलं. त्याचं नाव त्यानं ठेवलं जाळं. जाळं टाकलं की ते एकेका मशीनला नावानं हाक मारी आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत विचारी, 'कोन हाय?' मशीन आपली जात सांगे, की पुढचं काम सुरू.

प्रितेश अमेरिकेला गेला आणि जाळ्याची उसवण-शिवण गीतांजलीकडे आली. लेल्यांच्या घरी अंडंसुद्धा येत नसे, पण हिच्या तोंडात दिवसभर मासळी. "आज रावस चिडला होता," ती जेवताना सांगे, आणि आई हातातला घास तसाच धरून तिच्याकडे बघत राही.

बोंबील सगळ्यांत जुना आणि नरम. जोरात धरला की मोडणारा. त्याला जागं व्हायला वेळ लागे, म्हणून प्रितेशनं जाळ्यात त्याच्यापुरतं थांबणं लिहून ठेवलं होतं.

"राहू दे, लेलेबाई," तो म्हणे. "थांबू जरा. आपलाच हाय तो."

त्या थांबण्यात दोघांचा चहा होई. एकदा खिडकीतून खाडीकडे बोट दाखवून तो म्हणाला होता, बोंबील वाळत घालताना दोघांची तोंडं एकमेकांत अडकवतात आणि मग दोरीवर टाकतात. "एकट्याला टांगता येत नाय. पडतो."

गीतांजली नुसती हसली होती. हसण्यापलीकडे काही बोलायला हवं होतं का, हे तिला तो गेल्यावर सुचायला लागलं.

तिकडून त्याची ई-मेल यायची. एकच ओळ. 'बोंबील कसा हाय?' ती लिहायची, 'बरा आहे. उठायला अजून वेळ लावतो.' याच्या पुढे दोघंही कधी गेली नाहीत. गणपती झाल्यापासून तीही ओळ आली नव्हती. बोंबील विकला, हे तिनं अजून कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर त्याला विचारायला काय उरलं असतं?

"लेले!" नंदकुमार साहेब दारात उभे होते. चपला काढायच्या म्हणून ते आत येत नसत. "प्रोग्रॅमची टेप संध्याकाळच्या कुरिअरनं गिऱ्हाइकाकडे जायचीय. आणि तुमचं ते जाळं झोपलंय म्हणे! आवरा आता हा मासळीबाजार. नाव काढून टाका त्याचं. एका ओळीचं तर काम."

"हो सर," ती म्हणाली. "एका ओळीचंच आहे."

साहेब गेले.

"मी काढू का मॅडम?" अस्मितानं विचारलं. "तुम्हाला दुसरी कामं असतील."

"नको. मी काढते."

तिनं जाळं उघडलं. बोंबलाची ओळ शोधावी लागली नाही. शेजारी प्रितेशनं स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं, 'थांब जरा.' गीतांजलीचं बोट खोडायच्या बटणावर टेकलं आणि तसंच राहिलं. मागे अस्मिता दाणे खात उभी होती, दाणे चावल्याचा आवाज येत होता. तो थांबला तेव्हा गीतांजलीनं ओळ पुसली.

मग ती पडद्यावर खाली गेली, जाळ्याच्या अगदी तळाशी, आणि तिनं भराभर काहीतरी टाइप केलं.

"हे काय लिहिलंत?"

"काही नाही. टाक जाळं."

अस्मितानं जाळं टाकलं. कोन हाय? रावसानं ओ दिली. पापलेटनं दिली, मांदेलीनं दिली. कुठे थांबणं नाही, खोळंबा नाही.

"अय्या, किती पटकन झालं! उगाच इतके दिवस थांबत होतो आपण," अस्मिता म्हणाली, आणि टेप भरून साहेबांकडे धावली.

खोलीत मशिनांची घरघर तेवढी राहिली. सगळं पार पडल्यावर पडद्याच्या तळाशी आणखी एक ओळ उमटली.

'बोंबील, कोन हाय?'

तिच्यापुढची जागा कोरीच राहिली. गीतांजली तिच्याकडे बघत बसली. आता त्यापायी कुणाचंच काम अडणार नव्हतं.