‘हे’ आले

१९५६ साल. मुलुंडच्या वाचनालयात दर शनिवारी आम्ही भयकथावाले जमायचो आणि कोणतं पुस्तक वाचून जास्त घाबरलो ते एकमेकांना सांगायचो. तेवढ्याने माझ्यातला लेखक जागा झाला. मी वहीत एक भयकथा लिहिली, वर खाकी कव्हर घातलं आणि घाईत फळीवरून उचलून नंदकिशोरला वाचायला दिली. आमच्यात बिनलग्नाचा तो एकटाच.

पुढच्या शनिवारी त्याने सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली.

“झकास रे श्याम! सगळ्यांनी वाचाच! गोष्ट बाईच्या तोंडून, वर वहिनींकडून सुंदर अक्षरात उतरवून घेतलीय. आणि भुताला नावच नाही, नुसतं ‘हे’! ‘हे आले.’ ‘हे पुन्हा भडकले.’ ‘उद्या सुट्टी, दिवसभर हे घरीच!’ अंगावर काटा आला यार!”

मी छाती फुगवून घरी आलो.

माझी वही फळीवरच होती, आणि आत माझी बायको सुगंधा शेजारणीला सांगत होती, “अगं, माझी रोजनिशी कुठे सापडत नाहीये... थांब, गप्प बस, हे आले.”