झोक

कुमुद धायगुडेंच्या कानामागच्या सुखमापकाचा आकडा डॉ. मनवांनी पुन्हा तपासला. वजन घटवण्याच्या ऑपरेशनआधी एकेचाळीस होता, वजन निम्मं झाल्यावरही एकेचाळीसच. मापक थेट मेंदूतून वाचायचा, त्यामुळे चूक संभवत नव्हती.

"आकडा चढला नाही, तर नियमाप्रमाणे पोट पुन्हा उघडावं लागेल."

"काही उघडायचं नाही," कुमुदताई ठसक्यात म्हणाल्या. "उद्या माझ्या जावेच्या सुनेची मंगळागौर आहे. उद्याचा आकडा बघा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यातल्या पडद्यावर आकडा नव्वदवर गेला. डॉक्टरांनी घाईघाईने फोन लावला. "काय केलंत?"

"फुगडी!" कुमुदताईंना धाप लागली होती. "इतकी वर्षं फुगडीत मी मागे झुकलेच नाही हो. समोरची पडेल म्हणून स्वतःला आवरून धरायचे. वजन गेलं, पण ती सवय काही जाईना. आज जाऊ ओरडली, 'अगं, दे की झोकून!' आणि दिलं."

डॉक्टर हळूच म्हणाल्या, "मला कधी फुगडी जमलीच नाही. भीती वाटते."

"पुढच्या मंगळवारी या. बिनधास्त झुका, मी धरते."