तीन कोटेशनांचा नियम

“बाकीची दोन कोटेशनंही तुम्हीच आणा, शेठ. रेट तुमच्यापेक्षा वर ठेवा म्हणजे झालं,” चेतनाने सांगितलं आणि फोन आदळला.

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात पुठ्ठ्याचे खोके वर्षानुवर्षं याच शेठकडून यायचे. पण ऑडिटला तीन कोटेशनं लागतात ना! मग मर्जीतला माणूसच ओळखीच्या दोन दुकानांची लेटरहेडं घेऊन येणार, फाइल भरणार, सगळे खूश. परचेसमध्ये सहा वर्षं चेतना हेच करत होती. तिला शिसारी आली होती या सगळ्याची.

रविवारी घाटकोपरच्या क्लासला तिने श्वेताजवळ सगळी भडास काढली. दोघी दीड वर्ष एकाच बाकावर बसून खरेदी व्यवस्थापनाचा डिप्लोमा करत होत्या.

“पुस्तकात सीलबंद टेंडर आणि ऑफिसात ही नाटकं! वर साहेब म्हणतो, डिप्लोमा करून काय दिवे लावणार? टायपिंग नीट कर. डोकं फिरतं गं माझं!”

“मग सोड ना ती नोकरी,” श्वेता म्हणाली. “पवईला एका कंपनीत परचेस ऑफिसर हवाय. क्लासातल्या प्रबुद्धलाही सांगितलंय मी. तू आजच अर्ज कर.”

“आणि तू?”

“मला कुठं जमतंय रोज बोरिवलीहून पवई! तू कर. आणि पगार सांगताना लाजू नकोस. साठ हजार टाक.”

“साठ? वेडी झालीस का? मला पस्तीस मिळाले तरी मी नाचेन.”

“कमी मागितलंस तर किंमत ठेवत नाहीत. टाक गं!” म्हणत श्वेताने स्वतःच फॉर्मवर आकडा लिहिला.

चेतनाने आठ दिवस जीव तोडून तयारी केली. गोवंडीच्या घरात टीव्ही बंद, आईला बोलायची बंदी. रजा मागितली तर साहेबाने “पाहुणे बघायला येतायत का?” म्हणून दात काढले. ही नोकरी हुकली तर जन्मभर याच माणसाचं तोंड बघायचं!

मुलाखतीला तिघं बसले होते. फारच गोड माणसं. कुठं राहता, यायला किती वेळ लागला, चहा घेणार का? पुरवठादार कसा पारखावा, हे कुणी विचारेचना. शेवटी वैतागून तिने आपणहूनच सांगायला सुरुवात केली. एकाने मान डोलावली आणि घड्याळ बघितलं.

दुसऱ्याने पगाराच्या आकड्यावर पेन टेकवलं. चेतनाचा धीर सुटला.

“सर, पस्तीसलाही चालेल मला.”

“नको नको,” तो घाईने म्हणाला. “लिहिलंय तेच राहू दे.”

दहा मिनिटांत ती बाहेर. पण साठ हजारांवर कुणी हूं की चूं केलं नव्हतं! श्वेताला पार्टी द्यायलाच हवी, असं म्हणत तिने मोबाइल काढला. रिसेप्शनवरच्या मुलीने सहीसाठी रजिस्टर पुढे सरकवलं.

“तुम्हाला श्वेता मॅडमनी पाठवलंय ना? मग त्यांना एक निरोप द्याल, प्लीज? त्यांचा फोन लागत नाहीये. म्हणावं, तुम्ही दिलेली दोन्ही माणसं येऊन गेली. सोमवारी जॉइनिंगला येताना दोन फोटो घेऊन या.”