उसनं भांडं

शेजारच्या कौसल्येने पेरूच्या बागेतलं गवत कापायला तात्यांचं ट्रॅक्टरमागं जोडायचं मशीन मागून नेलं, तेव्हापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. मशीनचं एक पातं दोन वर्षांपूर्वीच तुटलेलं. चालवताना ट्रॅक्टरवरच्या माणसाची हाडं खिळखिळी व्हायची. आता ही आणखी काय मोडून आणते, देव जाणे.

संध्याकाळी तिचा ट्रॅक्टर दारात आला. मागचं मशीन स्वच्छ धुतलेलं होतं. तात्यांनी लगेच वाकून पाती पाहिली. तुटलेल्याच्या जागी नवं होतं, आणि त्याच्या समोरचंही नवं.

"हे दुसरं तर धड होतं."

"एकच बदललं की तोल जातो, तात्या. मग हादरे कमी होत नाहीत." ती ओशाळून हसली. "उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करू नये, आई म्हणायची. ह्यात साखर कुठं घालू?"

तात्यांनी ट्रॅक्टरवर चढून मशीन चालवून पाहिलं. बुडाखालची सीट हललीसुद्धा नाही. आभार मानायची त्यांना सवय नव्हती. ते खाली उतरले.

कौसल्या मशीन ट्रॅक्टरपासून सोडवायला पिनेला हात घालत होती.

"राहू दे," तात्या म्हणाले. "भांडं तुझ्याकडंच असू दे. मला लागलं की मी मागायला येईन."