गिऱ्हाईक उठेना

वडील गेल्यावर कुत्र्याचे केस पहिल्यांदाच लेक कापत होती. वडील न्हावी, दुकानातून आले, की त्याला गॅलरीतल्या बाकावर बसवायचे, गळ्याला टॉवेल गुंडाळायचे आणि कात्री चालवता चालवता दिवसभराच्या गप्पा त्याच्याच कानात ओतायचे. तिचा हात मात्र बिचकत होता. कुठे आखूड, कुठे लांब, जमेल तसं उरकून तिने टॉवेल झटकला. "झालं, पळ." पण कुत्रा ढिम्म. बिस्कीट दाखवलं, दटावलं, ढकललंसुद्धा; तो जागचा हलेना. आतून आई म्हणाली, "आरसा दाखव गं. दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला उठवायचे नाहीत तुझे बाबा." तिने दुकानाच्या पेटीतला आरसा काढला, वडिलांसारखीच मागे उभी राहून त्याच्यासमोर धरला. "पसंत आहे का, साहेब?" कुत्र्याने स्वतःकडे पाहिलंच नाही. आरशात मागे कोण उभं आहे, ते बराच वेळ निरखलं, मग मुकाट्याने खाली उतरला.