एकच किल्ली

पाचला बारा मिनिटं कमी होती आणि रेडिओ नुसता खरखरत होता.

"काय करतोय हा इंजिनिअर!" आजोबांनी रेडिओच्या डोक्यावर चापट मारली. "पावणेपाचला केंद्र सुरू करायचं ठरलं होतं. नेमका आजच झोपला वाटतं."

"त्या बिचाऱ्याला कशाला मारता?" आजी म्हणाली. ती रेडिओबद्दल बोलत होती.

बरोबर पाचला मुलांचा कार्यक्रम लागायचा, आणि आज त्यातली पहिली दोन मिनिटं त्यांची आठ वर्षांची नात बोलणार होती. थेट शहरातल्या स्टुडिओतून. आठवडाभर ती उलथन्याचा माईक करून घरभर पुटपुटत हिंडली होती, पण काय बोलणार ते कुणाला सांगायला तयार नव्हती. सकाळी निघताना मात्र तिनं आजोबांना बजावलं होतं, "सगळं ऐकायचं हं. घरी आल्यावर मी विचारणार."

म्हणून आज आजोबा टॉवरवरून उतरले ते तडक घरी आले. ते रेडिओ केंद्राचे फिटर. टॉवरच्या टोकावरचा लाल दिवा गेला की तो बदलायला तेच चढत. आज दुपारीही चढले होते. तेवढा वेळ केंद्र बंद ठेवावं लागतं, कारण तो उंच टॉवर म्हणजेच केंद्राची एरियल. केंद्र चालू असताना जमिनीवर उभं राहून त्याला हात लावला, तर माणूस भाजून निघेल.

फोन वाजला.

"त्याचाच असणार. थांब, चांगला फैलावर घेतो." आजोबांनी फोन उचलला. "काय साहेब, घड्याळ बंद पडलंय का तुमचं?"

"फिटरकाका," पलीकडून इंजिनिअर अगदी शांतपणे म्हणाला, "जरा खिशात हात घाला."

आजोबांनी हात घातला. रुमाल. छोटा पाना. आणि त्याच्याखाली, लाल पट्टी बांधलेली पितळी किल्ली.

ट्रान्समीटर त्या किल्लीशिवाय सुरू होत नाही. टॉवरवर चढणाऱ्यानं ती कुलपातून काढायची आणि स्वतःच्या खिशात घालून वर जायचं, म्हणजे तो वर असताना खाली कुणी चुकूनसुद्धा यंत्र सुरू करू शकत नाही. उतरल्यावर त्यानंच ती परत लावायची. दुसरी किल्ली नाही.

"दुसरी करून घेऊ, असं मी म्हणत होतो," इंजिनिअर म्हणाला. "तेव्हा कोण भांडलं होतं?"

"मी! आणि उद्याही भांडेन!" फोन आपटून आजोबा सायकलकडे धावले.

"अहो, एका पायात माझी चप्पल आहे!" आजी मागून ओरडली. पण सायकल फाटकाबाहेर गेली होती.

केंद्राच्या दारात इंजिनिअर उभाच होता. आजोबांनी धापा टाकत किल्ली पुढे केली. त्यानं हात मागे घेतले.

"तुम्हीच लावा. नियम तुमचाच."

आजोबांनी किल्ली लावून फिरवली. पाचला चार मिनिटं होती. यंत्रातल्या काचेच्या मोठ्या नळ्या हळूहळू लाल होऊ लागल्या. त्या तापायला तीन मिनिटं लागतात, आणि तिथे कुणाचीही घाई चालत नाही. दोघं घड्याळाकडे बघत उभे राहिले.

"स्पीकर कुठाय इथला?" आजोबांनी एकदम विचारलं.

"दुरुस्तीला गेलाय. उद्या येईल."

आजोबा मटकन स्टुलावर बसले. घर सहा मिनिटांवर. ती बोलणार दोन मिनिटं. "म्हणजे घरोघरी ऐकतील," ते म्हणाले, "आणि मीच तेवढा ऐकणार नाही."

इंजिनिअरनं बटण दाबलं. काटा थरथरत वर चढला. पाच वाजायला काही सेकंद उरले होते.

"उठा, चला," त्यानं आजोबांची बाही ओढली. यंत्राच्या मागच्या बाजूला, जाळीपलीकडे, कपाटाएवढा एक ट्रान्सफॉर्मर होता. "जाळीला हात नाही लावायचा. फक्त कान द्या."

"याला?"

"स्टुडिओतला आवाज विजेच्या रूपात यातूनच जातो. मग याच्या पोटातले लोखंडी पत्रे त्या आवाजाबरोबर थरथरतात. तुम्ही सगळा जन्म टॉवरवर काढलात काका, मागच्या बाजूला कधी आलातच नाहीत."

आजोबांनी मान पुढे केली. आधी नुसती गुणगुण. मग डब्यातून यावा तसा, बारीक पण स्वच्छ, लोखंडातून आवाज आला.

"नमस्कार, मुलांनो. मी आज माझ्या आजोबांचं काम सांगणार आहे."

आजोबा आणखी पुढे वाकले.

"आजोबा टॉवरवर चढतात. चढताना किल्ली खिशात ठेवतात. खाली उतरले की लग्गेच परत लावतात. म्हणून तुम्हाला रेडिओ ऐकू येतो. माझे आजोबा किल्ली लावायला कधी म्हणजे कधीच विसरत नाहीत."

इंजिनिअरनं तोंडावर हात दाबला, पण उपयोग झाला नाही. तो हसत हसत भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आजोबांच्या डोळ्यांतही होतं. पायात एक आपली आणि एक आजीची चप्पल घालून, कान जाळीकडे लावून ते जागचे हलले नाहीत. त्यांनी फक्त ओठांवर बोट ठेवलं.

"हळू हसा, साहेब. ती घरी आल्यावर विचारणार आहे."